शेंदूर फासलेला तराजू

"अरे, पारड्याला शेंदूर कोणी फासला?" कासमचाचा असे ओरडले, की चाकणच्या बाजारातले बैल दावी तोडून थेट आळंदीला पोचले असतील.

परवा मारुतीच्या देवळात शेंदूर-तेलाचा वास आला आणि स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांनी उजाडलेली ती सकाळ नाकात शिरली. कांदा तोलताना व्यापारी काटा मारतात, म्हणून आमच्या भजनी मंडळानं आणि मशिदीच्या जमातीनं मिळून एक खरा तराजू देवळाच्या ओट्यावर टांगला होता. कुणीही यावं, आपला माल फुकट तोलून बघावा. लोहारकाम करणाऱ्या कासमचाचांनी तो कानस मारून असा जुळवला होता, की माशी बसली तरी झुकावा.

आणि पहिल्याच बाजाराला एका पारड्यावर बोटभर शेंदूर! व्यापारी पोट धरून हसत होते. "हाच का तुमचा खरा तराजू, राव?" दोन्ही जमातींची अब्रू त्या पारड्यासोबत खाली गेली होती.

देवळाची झाडलोट करणारी गंगूआजी शेंदराची वाटी घेऊन शेजारीच उभी.

"आजी, देव न्हाई तो, तराजू हाय!" मी कपाळ बडवलं.

"खरं बोलतो म्हनता, मग देवच की."

"अगं, पण एक बाजू जड झाली ना!" चाचा रडकुंडीला आले.

आजीनं वाटीत बोट बुडवलं.

"मग दुसरीलाबी लावते."