जावयानं पिळलेली लाल ट्यूब

माझे सासरे कोराडीच्या वीज केंद्रातून फिटर म्हणून निवृत्त झाले. मी कॉलेजात मराठी शिकवतो. घरात हात कुणाचे चालणार आणि तोंड कुणाचं, हे लग्नातच ठरून गेलं होतं. तरीही आमच्या जुन्या गाडीखाली तेलाचे ठिपके दिसायला लागले, तेव्हा हे काम मी घरीच करणार असं मी जाहीर केलं.

तेल गळत होतं इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या चेंबरच्या सांध्यातून. मी तीन व्हिडिओ पाहिले, सांधा बुजवणाऱ्या पेस्टची, म्हणजे लिक्विड गॅसकेटची, लाल ट्यूब आणली आणि गाडीखाली शिरलो. तेल काढलं, बोल्ट खोलले, चेंबर खाली घेतलं. इथवर ठीक होतं. आता कडेनं पेस्टची बारीक रेघ ओढायची होती. पण मी दोन ओळींच्या उत्तराला पान भरणारा माणूस. अख्खी ट्यूब पिळली, चारही बाजूंनी जाडजूड महिरप काढली आणि चेंबर दाबून बसवलं. बाहेर ओघळलेली पेस्ट बोटानं पुसून टाकली. जेवढी बाहेर आली तेवढीच आतही गेली असेल, हा विचार मनाला शिवला नाही. सुकायला एक दिवस द्या, असं ट्यूबवर लिहिलं होतं. मी तासभर दिला.

पुढच्या रविवारी कामठीला एका साखरपुड्याला निघालो. सासरे माझ्या शेजारी, सासूबाई आणि बायको मागे. अर्ध्या वाटेत समोर तेलाचा लाल दिवा लागला. जावयाला वाकडं बोलायचं नाही, हे सासऱ्यांचं तत्त्व. मला झापायचं झालं की ते मुलीला झापत. आताही त्यांनी मान मागे वळवली.

"तुह्या नवऱ्याले सांग, गाडी बंद करा म्हणा. आत्ताच!"

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. गाडी लगेच बंद केली, म्हणून इंजिन वाचलं. बायका शेअर ऑटोनं साखरपुड्याला गेल्या. आम्ही दोघं एका छोट्या ट्रकला दोरानं गाडी बांधून घरी परतलो. वाटेत सासरे एक शब्द बोलले नाहीत. बोलायला मुलगी नव्हती ना!

दुसऱ्या दिवशी ते जुनी पँट घालून गाडीपाशी हजर झाले. चेंबर खोललं. आत तेल ओढणारी जाळी असते, ती वाळलेल्या पेस्टच्या लाल शेवयांनी गच्च भरली होती. त्यांनी एक शेवई उचलून उजेडात धरली. मग माझ्याकडे बघितलं.

"अबे येड्या, इंजिनाले कोणी असं थापते का?"

लग्नाच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी थेट मला झापलं! खिडकीतून सासूबाई ओरडल्या, "अहो, जवाई हायेत ते!"

"जवाई असन घरात. गाडीखाली मेकॅनिक हाय, अन् तोही बेकार!"

मला राग यायला हवा होता. खरं सांगतो, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी माझ्याकडून वाळलेली पेस्ट खरवडून घेतली. दोन तास. कडा पेट्रोलनं पुसून कोरड्या करायला लावल्या, नवीन ट्यूबचं टोक अगदी थोडं कापलं आणि ती माझ्याच हातात दिली.

"बारीक रेघ. बोल्टच्या भोकाले आतून वळसा घाल. इतका काहून घाबरून राहिला? पेपर तपासताना घाबरतो का?"

"तिथे चुकलं तर इंजिन बसत नाही," मी म्हणालो.

"पोरगं घरी बसते ना!"

मी रेघ ओढली. बोल्ट आधी हातानंच बसवले, तासाभरानं पान्यानं आवळले, आणि तेल थेट दुसऱ्या दिवशी ओतलं.

गाडी सुरू केली. दिवा विझला. थोड्या वेळानं इंजिन बंद केलं, आणि थेंब पडतो का बघायला सासरे खाली पुठ्ठा टाकून आडवे झाले. वीस मिनिटं झाली तरी बाहेर येईनात. वाकून पाहिलं, तर घोरत होते. मी हळूच चेंबरच्या कडेवरून बोट फिरवलं. कोरडं ठणठणीत.

"बोट नको लावू बे," ते डोळे न उघडता म्हणाले. "चहा आण."