गुड नाइट लिहिलेला अभ्रा

धुराडी साफ करणारे ते म्हातारबुवा चुलीपुढे बसले की आधी खिशातून एक उदबत्ती काढायचे. पेटवून चुलीच्या तोंडाशी धरायचे आणि जमलेल्या आम्हां बायकांना म्हणायचे, "गप ऱ्हवा. आधी धुराक विचारूया." उदबत्तीचा धूर आत गेला तर धुराडं ओढतंय. उलटा तोंडावर आला तर वाट कुठेतरी अडली.

परवा नातीच्या परळच्या फ्लॅटात, विसाव्या मजल्यावर, तिची विजेची चिमणी नुसती घरघरत होती आणि फोडणीचा सगळा धूर हॉलमध्ये. मी देवापुढची उदबत्ती उचलून चिमणीखाली धरली.

"आजी, चिमणीची पूजा करतेयस?"

"गप राहा. धुराला विचारतेय."

मग तिला त्यांची गोष्ट सांगितली, पण अर्धीच. उरलेली तुम्हांला सांगते. तुम्ही माझ्या घरातले नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

गिरगावात, खोताच्या वाडीला लागूनच आमचं लाकडी घर होतं. ते राहायचे फणसवाडीत. मूळचे मालवणकडचे. मिलच्या बॉयलरवर जन्म काढून रिटायर झालेले. तेव्हा गॅसचा नंबर लागायला वर्षं जायची, त्यामुळे घरोघर चूल आणि बंब. सगळी घरं लाकडाची, म्हणून धूर मागे मारायला लागला की लगेच त्यांना बोलावणं जायचं. ते डॉक्टरसारखे विचारत. सकाळीच मागे मारता की दिवसभर? खिडकी उघडी की बंद? लाकूड ओला काय? अर्ध्या वेळा औषध साधंच असायचं. खिडकी बोटभर उघडी ठेवा. किंवा, आधी जळता कागद पाइपात धरा. "थंड पाइप झोपलेलो असता. आधी उठवा तेका."

मी नवी सून. दादरची, फिजिक्स घेऊन बीएस्सी. पास क्लास मिळाला होता, पण तोरा फर्स्ट क्लासचा. एकदा त्यांना सुनावलं, "गरम हवा हलकी असते, म्हणून ती वर जाते."

"व्हय?" ते गंभीरपणे म्हणाले. "बरा झाला सांगितलास. इतकी वर्सा आमी तशीच वर धाडीत होतो."

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. ते हसणं मी लक्षात ठेवलं. फिजिक्स तेवढं लक्षात राहिलं असतं तर पुढचं टळलं असतं.

चैत्रात मी सासरचे पहिले पापड घातले. मागच्या गच्चीवर वाळत टाकले आणि धुराड्याच्या तोंडची काजळी वाऱ्यानं उडून त्यांच्यावर बसली. सासूबाई एक पापड उजेडात धरून म्हणाल्या, "तीळ घातलेस वाटतं? छान हो."

दुसऱ्या दिवशी दुपारी चूल विझल्यावर मी गच्चीत गेले आणि रुखवतातला उशीचा अभ्रा धुराड्याच्या पाइपावर चढवला. मीच भरलेला, गुलाबाची वेल आणि खाली इंग्रजीत 'गुड नाइट'. वर परकराची नाडी करकचून बांधली. नवे पापड पांढरेशुभ्र वाळले. संध्याकाळी ते गोळा करून खाली आणले. अभ्रा वर राहिला. रात्रीचा भात स्टोव्हवर झाला, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

सकाळी सासूबाईंनी चूल पेटवली आणि घरात माणसाला माणूस दिसेना. वाडी बादल्या घेऊन धावली. आग नव्हतीच. धूर निवळल्यावर त्यांना बोलावलं. आठच दिवसांपूर्वी त्यांनी आमचं धुराडं साफ करून सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "आता गणपतीपर्यंत बघूक नको."

ते आले. उदबत्ती पेटवली. धूर गर्रकन वळून त्यांच्या नाकात गेला. त्यांनी मान वर केली, छपराकडे. आणि मला अभ्रा आठवला.

'थांबा' एवढं म्हणायचं होतं. दारात वाडी उभी होती, सासूबाई खोकत होत्या. मी म्हणाले, "आठ दिवसांत चोंदतं म्हणजे साफच केलं नसणार. उदबत्त्या ओवाळून का धुराडी साफ होतात?"

लोक हसले. ते गच्चीत गेले.

खाली आले ते पिशवी काखेत दाबून. "घरटा होता, काकी."

"आठ दिवसांत?" सासूबाई म्हणाल्या.

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर जोडीतला दुसरा अभ्रा, तीच गुलाबाची वेल. त्यांनी तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जाळी बसवची ऱ्हवली," ते म्हणाले. "माजीच चूक."

सासूबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "वय झालं हो तुमचं. लाकडी घरं आहेत आमची. आता नका करू हे काम."

दुपारी ते मागच्या दारी आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी माझ्या हातात ठेवली. "वाऱ्यान उडान गेलो असतलो," म्हणाले. "पापड बरे झाले मा, बाय?"

पुडीत अभ्रा होता, काळाठिक्कर, आणि त्यावर नाडी, गाठीसकट. गाठ मारणारा वारा मी अजून पाहिलेला नाही.

त्यानंतर वाडीतल्या एकाही घरानं त्यांना बोलावलं नाही. ते मात्र रोज सकाळी वाडीच्या तोंडाशी ओट्यावर येऊन बसायचे आणि छपरांवरचे धूर बघायचे. एकदा मला थांबवून म्हणाले, "कोपऱ्यातल्या घराचो पाइप लिकता. तू सांग गो. माजा ऐकूचे नाय."

मी सांगितलं. माझं म्हणून सांगितलं. पाइप खरंच गळत होता. सून शिकलेली आहे, असं वाडीभर झालं. आता सांगते तेव्हा तुम्ही हसा, मीही हसते. पण तेव्हा मी ते कौतुक मान खाली घालून, लाजत घेतलं.

पुढे आमचा गॅसचा नंबर लागला. चूल गेली, तिथे कडप्पा बसला. त्याला आठ-नऊ महिने झाले असतील, तेव्हा कळलं, ते कायमचे गावी चाललेत. मी पापडांची पिशवी भरली. ठरवलं, आज त्यांना सांगायचं, मग सासूबाईंना, मग घरोघर जाऊन. जिन्यावरून उतरताना वाक्यं पाठ केली.

ओट्यावर त्यांच्याशेजारी बसले. पिशवी मधे ठेवली. ते म्हणाले, "चूल बरी ओढता मा तुमची?"

"हो," मी म्हणाले. "छान ओढते."

त्यांनी रोजच्यासारखी मान वर करून आमच्या छपराकडे पाहिलं. मीही पाहिलं, कितीतरी महिन्यांनी. चूल गेल्यापासून तिथे धूर नव्हताच. पाइपाच्या तोंडाशी काड्या रचून एक कबुतर बसलं होतं.

"घरटा," ते म्हणाले. आणि पापडांची पिशवी उचलून उठले.