जाऊबाईंचं लुडोतलं नाव

‘आई गेली.’ निरोप एवढाच होता, आणि पाठवणाऱ्याचं नाव होतं ‘कोकण किंग’. माझा फोन नुकताच बदललेला, जुने नंबर त्यात आलेले नव्हते, त्यामुळे भावकीच्या ग्रुपवर ज्यानं त्यानं स्वतःला ठेवलेली नावंच मला दिसत होती. कुणाची आई, ते क्षणभर कळेना... मग खाली एकेकाचे जोडलेले हात यायला लागले. ‘घाटातला वाघ’, ‘पापा की परी’, ‘शांतिदूत’. यातले शांतिदूत म्हणजे आमचे हे. बाहेरच्या खोलीत बसून होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता म्हणून बोटानं हात जोडत होते. त्यांच्याकडे पाहिलं आणि लख्ख कळलं. कोकण किंग म्हणजे आमचा पुतण्या नितीन, आणि गेलेली आई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, पोलादपूरच्या सुमनताई. सकाळी चुलीपुढून उठताना छातीत कळ आली आणि महाडपर्यंत आणायच्या आतच सगळं आटोपलं होतं.

आता सांगायला हरकत नाही, त्या ग्रुपवरच्या नावांवरून मी आणि ताई खूप हसायचो. मी महाडच्या शाळेत शिकवत होते. निवृत्त झाल्यापासून महिन्यातले निम्मे दिवस पोलादपूरच्या घरीच असायचे, आणि दुपारी भांडी झाली की आमचा हाच उद्योग. घाटातला वाघ हा आमचा चुलत दीर. आंबेनळीच्या वळणांवर गाडी इतकी हळू चालवतो की मागच्या गाड्यांचे भोंगे ऐकून वाघाचं मांजर होतं. शांतिदूत घरात रोज कुणाशी ना कुणाशी भांडून जेवतात. मी मात्र ‘शैला मॅडम’च राहिले, नोकरी सुटली तरी मॅडमपण सुटेना. “जो जे नाय, ते नाव लावतो,” ताई म्हणायच्या. त्यांनी स्वतः मात्र उलटं केलं होतं.

नितीननं त्यांना फोन घेऊन दिला, तेव्हा मी तिथंच होते. तालुक्याच्या एका ऑनलाइन ग्रुपवर गावागावांचे फोटो येतात, ते आईला बघता यावेत म्हणून तो खातं उघडत होता. “नाव काय टाकू? एकदम भारी टाकूया, सुमन क्वीन?” असं त्यानं विचारलं. ताई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “धोंडी लिव.” नितीन हसायला लागला. मीही म्हटलं, ताई, एवढी चांगली नावं असताना हे काय, लोक हसतील. तेव्हा त्यांनी भाजी खाली ठेवली. “हसू दे गो. त्याच नावानं मी जगले.”

खरंच त्याच नावानं त्या जगल्या होत्या. आंबेनळीच्या वरच्या अंगाला, गुरंढोरं आणि नाचणीवर जगणाऱ्या एका वाडीवरचं त्यांचं माहेर. त्यांच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेलेली. मग ही जन्मली तेव्हा आजीनं ठरवलं, हिला देवाचं, फुलाचं नाव नको. धोंडी म्हणा, धोंड्याला कोण उचलून नेतंय? मरणाची नजर चुकवायला ठेवलेलं नाव ते. पण लग्न होऊन खाली आल्या आणि सासूबाईंना ते नाव चारचौघांत हाक मारण्यासारखं वाटेना. ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं ‘सुमन’ लिहिलं, आणि धोंडी तिथंच संपली. माझं नाव कुणी बदललं नाही, कारण माझी नोकरी होती, कागदपत्रं बदलायची कटकट कोण करणार. ताईंच्या नावाला असा कुठल्या कागदाचा आधार नव्हता. आईवडील होते तोवर माहेरी ती हाक यायची. ते गेले, भाऊ राघूदा गेला, आणि मग धोंडी म्हणणारं कुणीच उरलं नाही.

कुणीच म्हणजे, एक तानी सोडून. तानी ही वाडीवरची त्यांची मैत्रीण. दोघी एकत्र गुरांमागे जायच्या, एकत्र चौथीपर्यंत शिकल्या, एकाच उन्हाळ्यात दोघींची लग्नं झाली. तानीला मुंबईकडे दिली. तिकडे तिचंही नाव बदललं म्हणे, काय ठेवलं ते वाडीवर कुणाला ठाऊक नव्हतं, आणि पुढं तिच्या माहेरचं बिऱ्हाडही वाडी सोडून गेलं. त्यामुळे झालं असं की या दोघी एकमेकींना ज्या नावानं ओळखत होत्या, त्या नावाची बाई जगात कुठं राहिलीच नव्हती. ताईंनी किती जणांकडे चौकशी केली. मुंबईहून गणपतीला येणाऱ्या प्रत्येकाला विचारायच्या, आमच्या वाडीवरची तानी कुठं भेटली काय? पोरं हसायची. मुंबईत तानी कुठं शोधणार...

म्हणून ‘धोंडी’. मला ते फार उशिरा उमगलं. नितीनला वाटलं आईला गंमत सुचली. ताईंनी मात्र घराला आतून कडी न लावता झोपावं, तसं ते नाव तिथं ठेवलं होतं. चेहऱ्याचा फोटो लावू दिला नाही. “ह्या थोबाडाला तानी काय वळखणार?” म्हणाल्या. त्याऐवजी वाडीवरच्या पाणवठ्याचा फोटो लावला. आणि तालुक्याच्या त्या ग्रुपवर कुठल्याही डोंगराचा, देवळाचा फोटो आला की खाली एकेक अक्षर शोधून लिहायच्या, ‘छान. धोंडी, वरची वाडी’. पोरंटोरं खाली दात काढायची. कुणी विचारायचं, काकू, दगड कुठाय? त्या ढिम्म हलायच्या नाहीत.

दोन पावसाळे असे गेले. मग एका दुपारी ‘सोपारा क्वीन’ अशा नावावरून त्यांच्या शब्दांखाली प्रश्न आला, ‘राघूदाची धोंडी काय गो?’ ताईंनी फोन माझ्या हातात दिला. बाई पक्की. मला म्हणाल्या, “आदी इचार, पाणवठ्यात पाय घसरून कोन पडलेलं?” मी लिहिलं. उत्तर आलं, ‘पडली तू. मार खाल्ला मी.’ ताई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या, आणि रडता रडता हसायलाही. क्वीन हे नाव नातीनं ठेवलेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते बदलून तिथं ‘तानी’ आलं.

फोनवर बोलायची सोय नव्हती, तानीला ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. मग तिच्या नातीनंच दोघींना लुडो लावून दिला. रोज दुपारी तानीचं बोलावणं यायचं, आणि ताई फोन मिठाच्या बरणीला टेकवून ओट्यापाशी बसायच्या. निळ्या सोंगट्या ह्यांच्या, लाल तिच्या. मधूनच दोन शब्द लिहायच्या, जेवलीस काय, गुडघा कसा हाय. मी त्यांना पुष्कळदा डिवचायचे, ताई, दिवसाला दोन डाव हरता, जरा लक्ष देऊन खेळा की. त्या नुसत्या हसायच्या. शिमग्याला तानी वाडीवर येणार होती. पालखीपुढं दोघींनी मिळून ओटी भरायची ठरलं होतं. ताईंनी तिच्यासाठी नाचणीचं पीठ दळून डब्यात भरून ठेवलं होतं... शिमग्याआधीच त्या गेल्या.

दिवसकार्याला भटजींनी नाव विचारलं, नितीननं सुमन सांगितलं, ते बरोबरच होतं. माझ्या डोक्यात मात्र एकच, तानीला कोण सांगणार? तिच्या घरचा नंबर होता. तिकडच्या सुनेला फोन करून मोकळं होता आलं असतं. पण ऐकू न येणाऱ्या बाईच्या कानाशी कुणीतरी ओरडून ही बातमी सांगणार, हे मला सोसवेना. ताईंचा फोन नितीननं माझ्याकडे दिला होता. रोज दुपारी तो वाजायचा. ‘तानीनं तुम्हाला बोलावलं आहे.’ मी तो पालथा घालून ठेवायचे.

तेरावं होऊन गेलं आणि एका दुपारी मी बोलावणं घेतलं. वाटलं, दोन दानं पडू देत, मग हळूच लिहू. पण हात खेळात गुंतले. तिची लाल सोंगटी घराच्या तोंडाशी आली होती, माझ्या निळीपासून चार घरांवर. मला चार पडले. मी मारली. लुडो म्हणजे आणखी काय असतं?

पलीकडून दान पडेना. मग अक्षरं आली, ‘धोंडी कुटं हाय?’

मी लिहिलं, ‘ताई गेल्या.’ तिकडून ‘कदी’. मी सांगितलं, कशा गेल्या तेही सांगितलं. ‘तू कोन’ असं आलं. मी लिहिलं, धाकटी जाऊ, शैला. यावर जे आलं ते मी कितीदा वाचलंय. ‘तवाच कळलं. ती माझी सोंगटी मारायची नाय. कदीच नाय.’

मी स्वयंपाकघरात बसून ढसाढसा रडले. ज्या माणसाबरोबर मी दुपारच्या दुपारी बसत होते, त्याचं हरणं मला कळलं नव्हतं, आणि सोपाऱ्यात बसलेल्या बहिऱ्या बाईला एका सोंगटीवरून माणूस गेल्याचं कळलं. फोन बंद करणार तेवढ्यात तिनं लिहिलं, ‘डाव मोडू नको. पुरा कर.’ आम्ही तो डाव पुरा केला. कोण जिंकलं ते मला आठवत नाही.

शिमग्याला तानी आली नाही. एकटीनं काय करू, म्हणाली. पीठ मी नितीनबरोबर तिच्या घरी पाठवलं. हल्ली नितीन म्हणतो, काकी, आईचं ते खातं बंद करूया, उगाच मन दुखतं. मी नको म्हटलं. मरणाची नजर चुकवायला ठेवलेलं नाव आहे ते, एवढं तरी त्याला राहू द्यावं. फोन आता महाडला माझ्या ओट्यावर असतो, मिठाच्या बरणीला टेकलेला. दुपारी तो वाजतो आणि मी धोंडीच्या नावानं बसते. परवा तिची लाल सोंगटी पुन्हा घराच्या तोंडाशी होती, मला दोन हवे होते आणि दोनच पडले. मी दुसरी सोंगटी हलवली. मग अक्षरं आली, ‘शिकलीस गो.’