शेळी ज्याला तोंड लावत नाही

शाळेला कुंपण मोगली एरंडाचं करायचं, हे डोकं माझंच. मुख्याध्यापकांनी नुसती मान हलवली होती, त्यामुळे त्यांच्यावर ढकलायचीही सोय नाही.

राजूरहून जीपने पाऊण तास वर चढलं की आमची शाळा. दोन शिक्षक, चार वर्ग, मागे छोटी परसबाग. बागेत मेथी, शेवगा, दोन पेरूची रोपं. सगळं मुलांच्या खिचडीसाठी. दोनदा शेळ्या घुसल्या आणि दोन्ही वेळा मेथी साफ. मी मूळची नेवाशाकडची, घोडेगावच्या बाजारात वडिलांच्या मागे शेळ्यांची दावी धरून वाढलेली. आमच्या घरात कुठल्याही झाडाला एकच परीक्षा होती, शेळी खाते का? खात असेल तर चारा, खात नसेल तर कुंपण. तिसरी जात आम्हाला ठाऊकच नव्हती.

म्हणून पावसाच्या तोंडावर रस्त्याकडचे मोगली एरंडाचे फाटे तोडून आणले आणि मुलांना हाताशी घेऊन बागेभोवती खोचले. दोन पावसाळ्यांत कुंपण डोक्याएवढं झालं. शेळी यायची, हुंगायची, तोंड फिरवून जायची. मी ते बघून खूश. तिला ते का नको असेल, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. आणि मी चौथीला परिसर अभ्यास शिकवते.

फळं आधी हिरवी होती, मग पिवळी, मग काळी पडून फुटायला लागली. गणपतीची सुट्टी संपून शाळा नुकती सुरू झाली होती. दुपारी खिचडी झाली, मुलं आवारात पांगली, आणि मी व्हरांड्याच्या टोकाला बसले, कारण मोबाईलला रेंज तेवढ्याच कोपऱ्यात येते. वरून कसलीशी माहिती आजच्या आज मागवली होती. अर्धी भरली की पडद्यावर नुसतं गोल फिरत राहायचं आणि सगळं पुसलं जायचं. माझं डोकं तापलं होतं.

तेव्हा चौथीतली एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. ही माझी रानातली मास्तरीण. करवंदं, तोरणं, आळू, कुठलं रानफळ कधी पिकतं आणि कुठल्याला हात लावायचा नाही, हे मी तिच्याकडून शिकले होते. तिचं ज्ञान आजीकडून आलेलं आणि पक्कं. पण मोगली एरंड तिच्या रानातला नव्हता. तो बाईंच्या बागेतला होता, म्हणून ती बाईंना विचारायला आली होती.

तळहात पुढे करून ती म्हणाली, "बाई, ह्ये खात्यात का? भुईमुगावानी दिसतंय."

मी म्हणाले, "हं."

तिच्या हाताकडे मी बघितलंच नाही. ती हलेना म्हणून वर आणखी "हं, जा" म्हणाले.

तासाभरात पहिलीतल्या एका मुलाने वर्गातच उलटी केली. मग आणखी दोघांनी. माझ्या मनात पहिलं आलं ते खिचडीचं. खिचडीतून काही झालं असेल तर माझी नोकरी गेली. मी पाणी आणायला धावत टाकीकडे गेले तर पायरीपाशी काळ्या टरफलांचा सडा पडलेला. खिचडी नव्हे, बिया. ते कळल्यावर मला क्षणभर हायसं वाटलं. हे लिहिताना मला माझीच शिसारी येते, पण वाटलं खरं.

त्या मुलीसकट सात मुलं. तिने बिया फोडून सगळ्यांना सारख्या वाटल्या होत्या, खाऊ वाटावा तशा. गावातली जीप मिळाली. वाटेत वळणावळणावर मुलं ओकत होती, घसा जळतोय म्हणून रडत होती. पहिलीतला मुलगा माझ्या मांडीवर होता. त्याचे डोळे खोल गेले होते आणि रडणंही थांबलं होतं. राजूरला दवाखान्यात सगळ्यांना सलाईन लावली. त्याची शीर लवकर सापडेना, तेवढा वेळ मी त्याचा दुसरा हात धरून उभी होते.

डॉक्टर कामापुरतं बोलणारे. त्यांनी सरळ विचारलं, "मॅडम, शाळेच्या आवारात हे झाड? मुलांना निदान सांगून तरी ठेवलं होतं ना?"

"नेहमी सांगते," मी म्हणाले. "ऐकत नाहीत."

किती सहज आलं ते तोंडात! त्या मुलीचे वडील तिच्या खाटेशी उभे होते, त्यांनी ऐकलं. "बाईंनी सांगितलं व्हतं तरी खाल्लंस? आन् दुसऱ्यांच्या पोरांना बी दिलंस?" असं म्हणून त्यांनी सलाईन लावलेल्या पोरीच्या थोबाडीत मारली. ती रडली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी बाटलीतून पडणाऱ्या थेंबांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळी मुलं उठून बसली आणि दोन दिवसांनी शाळेत आली. पहिलीतला मुलगाही आला, आधीपेक्षा जास्त दंगा करायला लागला. मी लेखी खुलासा दिला, "विद्यार्थ्यांना वेळोवेळी सूचना देण्यात आल्या होत्या." खाली माझी सही. प्रकरण मिटलं.

तिचं मात्र मिटलं नव्हतं. खिचडीच्या पंगतीत तिच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. कुणाच्या तरी आईने सांगितलं होतं, "तिच्या हातचं काय खाऊ नगं." ती ताट घेऊन कडेला बसायची आणि मान खाली घालून जेवायची. मी वाढताना तिला एक चमचा जास्त वाढायचे. एवढीच माझी हिंमत. तिने एकदा तोंड उघडलं असतं तर मी सुटले असते. पण तिने कुणालाच काही सांगितलं नाही, आणि मी तिच्या गप्प बसण्यावर दिवस काढत होते.

पुढच्या रविवारी पालक पहारी घेऊन कुंपण उपटायला आले. मी सगळ्यांना बजावत होते की चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, हात साबणाने धुवा, एकही बी मागे ठेवू नका. आता मला सगळं माहीत होतं! तिचे वडील एकटेच एका टोकाला खणत होते. मी पाणी घेऊन गेले तर ते ओशाळून म्हणाले, "माझ्या पोरीपायी समद्यांना तरास झाला, बाई."

मला ते सोसलं नाही. "भाऊ, तिने मला विचारलं होतं," मी म्हणाले. "बिया हातात घेऊन विचारायला आली होती. मी मोबाईलमध्ये होते. न बघता हो म्हणाले. आणि दवाखान्यात खोटं बोलले."

पलीकडच्या पहारी थांबल्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग आमी पोरीला उगाच मारलं," एवढंच ते म्हणाले आणि पुन्हा खणायला लागले.

सोमवारी परिपाठाला मी सगळ्या मुलांसमोर तेच सांगितलं. नवा खुलासाही पाठवला, त्याचं व्हायचं ते होईल. पंगतीत तिच्या शेजारी आता मुलं बसतात. मुलं विसरतात लवकर.

थंडीत बागेतल्या पेरूला पहिलं फळ धरलं. पिकल्यावर मी ते तोडलं, धुतलं आणि तिला दिलं. तिने ते हातात फिरवून बघितलं. पेरू काय तिला नवा होता? पण तिने तो दप्तरात जपून ठेवला आणि अगदी आदराने म्हणाली, "घरी आजीला इचारून खाते, बाई."

"बरोबर आहे," मी म्हणाले. "विचारूनच खा."