रखमाजीचा शब्द

उत्रोलीचा रखमाजी दर जत्रेत नाटकातला राजा व्हायचा. मुकुट उतरायचा, पण डोक्यातला राजा काही उतरायचा नाही. निस्तरायचं बिचाऱ्या बायकोनं, साळूबाईनं.

त्या साली नाटक बसवायला भोरच्या कचेरीतले कारकून आनंदराव आले होते. तालमीत ते कानीकपाळी ओरडायचे, "अरे, या राजाला शत्रू पाडत नाही! गोष्ट त्याला कड्यापर्यंत नेते, उडी तो आपल्या स्वभावानं मारतो."

"असा येडा राजा आसतोय व्हय?" रखमाजी हसायचा.

जत्रा तोंडावर आली आणि देवीला सोडलेला बोकड ओढ्यात मरून पडलेला सापडला, डोकं फुटलेलं. या बोकडावर कुणी हात उगारायचा नाही, ही गावची रीत. गाव खवळलं. देवळात रखमाजीनं शपथेचा बेलभंडारा हातात घेतला, तशी बायकांतून साळूबाई म्हणाली, "धनी, आदी घरी चला."

"बाईमाणसानं मधी बोलू नगं!" तो गरजला. "ज्यानं मारला त्याचं पाणी बंद! त्याला पाणी पाजंल त्याचंबी बंद! मग तो माज्या घरातला का आसंना!"

ते शेवटचं कुणी मागितलं होतं का? पण जीभ सुटली की सुटली!

साळूबाईला ठाऊक होतं. आदल्या तिन्हीसांजेला त्यांच्या ओढ्याकाठच्या हरभऱ्यात काहीतरी काळं शिरलं, तेव्हा रानडुक्कर समजून यानंच गोफण फिरवली होती. शिव्यांच्या नादात याला ऐकू गेलं नाही. तिला बोकडाच्या गळ्यातलं घुंगरू ऐकू आलं होतं. घरी तिनं सगळं सांगितलं, पाय धरले. "मला एकलीलाच ठावं हाय. गप ऱ्हावा."

गप बसेल तो रखमाजी कसला! तसाच देवळात गेला आणि सगळं भडाभडा ओकला. म्हातारे चिमाजी म्हणाले, "चुकून झालं. नारळ फोड, देवीला दुसरा बोकड सोड, मिटलं."

"म्या शब्द दिलाय!"

मग गावानं तरी का सोडावं? ज्यांना त्याचा तोरा खुपायचा, त्यांनी हौसेनं पाणी तोडलं.

रानातल्या खोपीत डबक्याचं पाणी पिऊन तो तापानं फणफणला. साळूबाईला राहवेना, तिनं तांब्या नेऊन पाजला. शुद्धीवर आल्यावर या बहाद्दरानं काय करावं? चावडीवर जाऊन सांगितलं, "हिनं मला पाणी पाजलं." अरे, कुणी विचारलं होतं का बाबा! चिमाजींनी मान खाली घातली. साळूबाईचंही पाणी बंद झालं.

ती आंबवड्याला भावाकडे गेली. बातमी आधीच पोचली होती. कुंडलिक दारात आडवा उभा राहिला. "आक्के, माज्या पोरींची लग्नं व्हायचीत." आणि दार लागलं.

परतताना तिनं नदीच्या वाळूत हातानं झरा उकरला, तांब्या भरला. रखमाजी तिला शोधत तिथवर आला होता. ताप पुन्हा चढलेला, ओठ फुटलेले, वाकायचंही त्राण नव्हतं.

"साळू, घोटभर दे गं."

साळूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. या माणसावर तिचा जीव होता. आता नुसता संताप उरला होता.

"म्या दिलं तर तुमी पुन्यांदा गावाला सांगाल," ती म्हणाली, आणि त्याच्यादेखत तांब्या वाळूत ओतला.