गेममधला म्हातारा आणि बाबांचा हात

नऊ वर्षांची असताना मी माझ्या चुलतभावाचा डोळा फोडला. हे मी कधी लपवलं नाही. श्रीवर्धनला आमच्या आळीत आजही कुणी ना कुणी त्याची आठवण काढतंच. लपवण्यासारखं त्यात काही आहे, असं मला सेहेचाळीस वर्षांची होईपर्यंत वाटलंही नव्हतं. त्याच्या बापाने माझ्या बापावर कोयती चालवली होती, मी त्याच्यावर दगड चालवला. फिटंफाट झाली, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

गेल्या वर्षी मुलगा पुण्याला हॉस्टेलवर गेला आणि त्याचा गेम खेळायचा डबा घरीच राहिला. मी शाळेत भूगोल शिकवते. दिवसभर पोरांवर ओरडूनही माझा राग शिल्लक राहतो. मग संध्याकाळी चहाचा कप घेऊन मी टीव्हीसमोर माणसं मारायला बसू लागले. नवरा म्हणायचा, "बरं झालं, आता माझा नंबर तरी उशिरा लागेल."

एक गेम मला फार आवडला होता. समुद्रकाठचं एक गाव, आणि हातात कुऱ्हाड घेतलेली मी. कानात एका जखमी म्हाताऱ्याचा आवाज येई. मिठागरातल्या दरोडेखोरांनी त्याची मुलगी पळवून नेलेली. तो रस्ता सांगायचा, मी जायचे. तो म्हणायचा, या खोलीत तिघं लपलेत, सावध राहा. मी दार फोडून आत घुसायचे आणि दिसेल त्याच्यावर कुऱ्हाड घालायचे. भिंतीवर रक्त उडायचं. मग तो रडत रडत आभार मानायचा, आणि मला खरंच बरं वाटायचं. माझं स्वतःचं माणूस असल्यासारखी मी त्या म्हाताऱ्यासाठी भांडत होते. चाळीसएक तरी मारले असतील.

शेवटच्या खोलीत त्याची मुलगी भेटली. तिला कुणी पळवलं नव्हतं. बापाच्या हातून जीव वाचवून ती पळाली होती आणि मिठागरातल्या लोकांनी तिला आसरा दिला होता. त्याच लोकांना मी कापत आले होते. मी हातातला रिमोट भिंतीवर आपटला. नवरा आतून धावत आला. मला इतकं फसवल्यासारखं वाटत होतं, की मी त्या खोट्या म्हाताऱ्याला खऱ्याखुऱ्या शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी मी तोच गेम पुन्हा सुरू केला. कुठे फसले ते मला बघायचं होतं. या वेळी मारून झाल्यावर पुढे न धावता मी प्रत्येक मुडद्यापाशी थांबले. बहुतेकांच्या जखमा पाठीवर होत्या. ते लपून बसले नव्हते, पळत होते. सगळं पहिल्यापासून डोळ्यांसमोर होतं, पण कानात म्हातारा बोलत होता ना. गोष्ट ऐकताना मी जखम बघितलीच नव्हती.

तेव्हा मला बाबांचा हात आठवला.

आमची आणि काकांची पोफळीची वाडी शेजारी शेजारी, मध्ये रचलेल्या दगडांचा गडगा. तो गडगा काकांनी हातभर आमच्या बाजूला सरकवला म्हणून रोज शिवीगाळ चाले. एका दुपारी बाबा वाडीतून घरी आले ते रक्ताने न्हालेलेच. डाव्या हाताला निळ्या चौकड्यांचा एक आखूड बाह्यांचा सदरा गच्च आवळलेला, तो काळा पडलेला. आई किंचाळली. बाबा म्हणाले, "त्याने कोयती उगारलीन. मी हात आडवा घातला म्हणून, नाहीतर मानच गेली असती." ही गोष्ट त्यांनी पोलिसांना सांगितली, गावाला सांगितली, मला तर रोज जेवताना सांगितली. काका दोन दिवस चौकीत होते. परतले तेव्हा त्यांचं तोंड ओळखू येत नव्हतं. मला ते पुरेसं वाटलं नाही.

त्याच आठवड्यात चुलतभाऊ गडग्यापाशी आला. माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठा. मला बघून त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी गडग्यातला जांभा दगड उपसला आणि तीन हातांवरून त्याच्या तोंडावर फेकला. त्याने चुकवायचा प्रयत्नही केला नाही, मी मारीन असं त्याला वाटलंच नव्हतं. तो खाली बसला, डोळ्यावर हात धरून. बोटांतून रक्त आलं, आणि रक्ताबरोबर आणखी काहीतरी. मी पळाले नाही. मी बघत उभी होते आणि मला आनंद झाला होता. तो आनंद मला अजून आठवतो, म्हणून तर सांगते आहे.

गेम बंद करून मी वाडीत गेले. बाबा आता ऐंशीच्या पुढचे, ओटीवर बसून नारळ सोलत होते. मी म्हटलं, "बाबा, काकांनी वार कसा केला ते दाखवा." त्यांना आनंदच झाला. त्यांनी डावा हात कपाळासमोर आडवा धरला, वार अडवल्यासारखा. मी तो हात तसाच धरला आणि बघितलं. वार बाहेरच्या बाजूला लागायला हवा होता. वण आतल्या बाजूला होता, कोपराखालून मनगटाकडे. झावळ डाव्या हातात धरून उजव्याने कोयती चालवली आणि ती निसटली, की असाच वण उठतो. आमच्या वाडीत काम केलेल्या प्रत्येकाच्या डाव्या हातावर असे लहानमोठे वण आहेत. माझ्याही आहे. मी शेकडो वेळा तो हात बघितला होता, ताप आला तेव्हा पुसून दिला होता.

"ही तुमचीच कोयती," मी म्हटलं. मी त्यांचं मनगट पिरगाळलं होतं हे मला त्यांच्या ओरडण्यामुळे कळलं.

त्यांनी हात सोडवून घेतला. मग म्हणाले, "गडगा त्यानेच सरकवलान. ते तरी खोटं नाही ना?"

म्हाताऱ्या माणसाला मारावंसं वाटणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. मी समोरची कोयती उचलून माडाच्या खोडात हाणली आणि तशीच बोर्ली पंचतनच्या बसमध्ये बसले.

चुलतभावाचं तिथल्या बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे. सदतीस वर्षांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. त्याने एका डोळ्याने मला ओळखलं आणि खिळे तोलायचे थांबवले. मी पायरीवरूनच सांगून टाकलं, "बाबांना काकांनी मारलं नव्हतं. त्यांची स्वतःचीच कोयती लागली होती. मला आज कळलं."

"मला तेव्हापासून ठाऊक हाय," तो म्हणाला. "मी गडग्यावरच होतो. तुझे बाबा ओरडले, तशी मी उडी मारली. हातातून रक्ताची धार लागलेली. अंगातला सदरा काढून मीच बांधला गो."

निळ्या चौकड्यांचा. आखूड बाह्यांचा. बाबांच्या हाताला एका लहान मुलाचा सदरा का, हे आमच्या घरात कुणी विचारलं नव्हतं. आईने तो धुऊन चुलीपाशी फडकं म्हणून ठेवला होता आणि मी त्याने वर्षभर दुधाचं पातेलं उतरवत होते.

"मग सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, मला लाज वाटली.

"सांगितलं की. चौकीतल्यांनी हुसकलं. दहा वर्षांच्या पोराचं कोण ऐकतो?"

"आणि त्या दिवशी गडग्यावर? मला काय सांगायला आला होतास?"

त्याने एक खिळा उचलून तागडीत टाकला.

"सांगायला नव्हतो आलो," तो म्हणाला. "सदरा मागायला आलो होतो. नवीन होता, आई मारील म्हणून."