शिल्लक राहिलेल्या गोळ्या

कोल्हापुरातल्या कॅन्सरच्या दवाखान्यात मी दर महिन्याला ताईच्या गोळ्या आणायला जातो. औषधांच्या खिडकीजवळ तो माणूस मला एकदाच दिसला. डोक्याला पांढरी टोपी आणि हातात दुधाची धुतलेली पिशवी, तिच्यात गोळ्यांची पाकिटं. त्या दिवशी येईल त्याला म्हणत होता, “पावणं, चिठ्ठी दावा की.” इंग्रजी वाचता येत नसावं. पाकिटावरच्या एकेका अक्षरावर बोट ठेवून तो छापील चिठ्ठीत तसंच अक्षर शोधायचा. नाही जुळलं, की चिठ्ठीची नीट घडी घालून परत द्यायचा.

माझी जुळली. त्यानं सगळी पिशवीच माझ्या हातात ठेवली.

“बायकोच्या हायत. गेली ती.”

“एवढ्या कशा उरल्या?” विचारायला नको होतं मी.

“रोज एक घ्यायची हुती. आपल्याकडंबी करायला येतीया म्हणं ही गोळी, पर पेटंट परदेशी कंपनीचं. देशादेशांचा करार हाय, आपल्या देशानंबी सही केलीया, म्हणून करता येत न्हाई. पेटंट संपलं की दुसरं कुणीबी करंल, मग परवडंल, असं ह्या खिडकीतल्या सायबांनी सांगितलं. तवर पुरवायची म्हणून मी तिला अर्धीच देत गेलो.”

त्यानं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

“तुमी अर्धी करू नगा.”

मी मान हलवली. घरी ताईच्या डबीत अर्ध्या गोळ्या होत्या. सकाळीच मी त्या ब्लेडनं कापून ठेवल्या होत्या.